पाचवा बार

अकरा वर्षांपूर्वी थोरला पत्र्याची ट्रंक घेऊन फौजेत गेला होता. त्याच ट्रंकेसह भर दुपारच्या गाडीनं थोरली परत आली. ट्रंक तीच होती, पाय टाकायची ढब तीच होती, डाव्या भुवईवरचा व्रणही जागच्या जागी होता. केस तेवढे खांद्यापर्यंत आले होते आणि अंगात बायकी कुर्ता होता. थांब्यावरच्या चहावाल्यानं तिला ओळखलं, पण ओळख द्यावी की नाही हे त्याला उमजेना. म्हणून तो रिकाम्या पातेल्यातलं नसलेलं दूध ढवळत बसला.

घरी माहीत नव्हतं असं नाही. वर्षभर फोनवर सगळं सांगून झालं होतं. पण फोनवर ऐकणं वेगळं आणि दारात उभं राहिलेलं बघणं वेगळं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "उन्हाची आलीस. आधी पाणी पी." एवढ्या बोलण्यात तिनं आपल्या बाजूचा निकाल लावून टाकला. रडायचं होतं ते ती मागच्या दारी जाऊन रडून आली आणि येताना सरपण घेऊन आली, म्हणजे फेरी फुकट गेली नाही.

आबा विहिरीवरून संध्याकाळी आले. त्यांनी ओसरीवरची ट्रंक पाहिली, पाय धुतले, टेकून बसले आणि विचारलं, "रजा किती दिवसांची?"

रजा नव्हती. तिला घरी बसवलं होतं. थोरली फौजेच्या त्या तुकडीत होती जी जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढते. अकरा वर्षं तिनं पोटावर पडून, हातभर जमीन बोटभर पुढं सरकत चाचपली होती आणि तिच्या मागून चालणारा एकही जण दगावला नव्हता. तिला कुणी पकडलंही नव्हतं. वर्षाच्या तपासणीत डॉक्टरनं सरळ विचारलं आणि तिनं सरळ सांगितलं, एवढंच झालं. आता महिन्याभरानं तीन साहेबांसमोर सुनावणी होती. हा आजार होता, आता बरा झाला, असं लिहून देऊन पुन्हा पहिल्यासारखं राहायचं, नाहीतर घरी जायचं. तिनं लिहून द्यायला नकार दिला होता. म्हणून साहेबांनी वडिलांच्या नावानं एक फॉर्म पाठवला होता. आमच्या मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, एवढं मान्य करून वडिलांनी सही केली की नोकरी वाचवायची वाट निघत होती.

थोरलीनं पाकीट आबांपुढं ठेवलं. "सही करा म्हणत नाही, करू नका असंही म्हणत नाही. तुमच्या नावानं आलंय म्हणून दिलं."

आबांनी पाकीट दुमडून सदऱ्याच्या खिशात घातलं. आईनं त्याच रात्री जेवताना विषय काढला. एका सहीनं पोरीची नोकरी राहत असेल तर काय बिघडतं, कागदावर काय वाटेल ते लिहू देत, असं तिचं म्हणणं होतं. आबा ताटातलं संपवून उठले. दुसऱ्या दिवसापासून ते असं बोलू लागले की मुलाशी बोलताहेत की मुलीशी, याचा पत्ता लागू नये. "जेवण झालं का?" "दार लावून घ्यायला सांगा." माणसाला ही कसरत फार तर दोन दिवस जमावी. आबांनी ती बारा दिवस केली.

त्या उन्हाळ्यात वस्तीच्या विहिरीनं तळ दाखवला होता. बायका पहाटेपासून रांग लावत आणि हंडाभर गढूळ पाण्यासाठी दोन तास उभ्या राहत. विहीर आणखी वीस फूट खाली न्यायची ठरली. खाली काळा पाषाण होता, तो पहारीला जुमानेना, तेव्हा सुरुंग लावूनच फोडायचा. काम मुकादमानं घेतलं होतं. यारी त्याची होती, म्हणजे विहिरीच्या काठावरचं ते दोरखंडाचं यंत्र, ज्यावरून माणसं खाली जातात आणि दगड वर येतात. यारीवर दोघं होते, खाली तिघं, त्यात आबांचा धाकटा मुलगा. आणि काठावर, त्यांच्या ठरलेल्या दगडावर, आबा.

आबांचं काम बार मोजायचं. दिवसभर खाली भोकं पाडायची, दुपारनंतर त्यांत दारू भरायची, वाती पेटवून धाकट्यानं वर यायचं. जितकी भोकं तितके खडे आबांच्या मुठीत. एक बार उडाला की एक खडा खाली टाकायचा. मूठ रिकामी झाली आणि धूर निवला की मोजणारा हात वर करतो आणि मगच यारी सुटते. मुठीत एक जरी खडा उरला तरी खाली कुणी जात नाही, कारण न उडालेला बार कुणाच्या पहारीची वाट बघत बसलेला असतो. या धंद्यात मोजणाऱ्याशी कुणी वाद घालत नाही. मुकादमसुद्धा नाही.

आबांनी तीस वर्षं बार मोजले होते. त्या तीस वर्षांत त्यांचे कान गेले होते. एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग घड्याळ गेलं, मग मागून हाक मारणारी माणसं गेली. उजव्या कानानं अजून थोडं येत होतं, डावा नुसता शोभेला होता. आईला कळलं ते एकदा त्यांच्या पाठीमागं पितळी घागर दगडावर पडली आणि आबा विडी शिलगावत राहिले तेव्हा. बाकी कुणाला पत्ता नव्हता. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवायची, हसण्यात सगळ्यांच्या किंचित मागून सामील व्हायचं, हे त्यांना सवयीचं झालं होतं. विहिरीवर ते पायांत काही घालत नसत. लोकांना वाटे, जुना माणूस, कामाचा मान राखतो. ते तळपायांनी बार मोजत होते.

तेराव्या दिवशी थोरली सगळ्यांचा चहा घेऊन विहिरीवर आली. एरवी धाकट्याची बायको यायची, तिला ताप होता. थोरली आल्याबरोबर माणसांची बोलणी थांबली. यारीवरच्या एकानं चहा घेताना तिच्या बोटांना बोट लागू नये म्हणून पेला खाली ठेवायला सांगितला. तिनं ठेवला. मुकादम तिच्याशी बोलला, पण तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाभळीकडं बघत.

पाच भोकं भरली होती. वाती पेटवून धाकटा वर आला, सगळे लांब जाऊन पालथे पडले. आबा दगडावर उभे. एक. दोन. तिसरा जरा उशिरानं. चौथा दणकून झाला आणि पाठोपाठ आतली एक मोठी शिळा कडेपासून सुटून तळाला आदळली. जमीन पुन्हा हादरली. आबांची मूठ रिकामी झाली.

धूर निवला. आबांनी हात वर केला. धाकट्यानं कमरेला दोर बांधला आणि एक पाय लोखंडी बादलीत टाकला.

"चार झाले," थोरली म्हणाली.

कुणी लक्ष दिलं नाही. ती चहाची किटली तिथंच ठेवून पुढं आली आणि यारीच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. "बार चारच झाले. पाचवा तो दगड पडल्याचा आवाज होता. धाकट्या, पाय काढ."

मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चहा द्यायला आलेल्यानं चहा द्यावा, असं तो म्हणाला. यारीवरचा म्हणाला, फौजेनं हाकललेल्या माणसाचं ऐकून इथं आबांना खोटं पाडायचं का. धाकटा एक पाय बादलीत आणि एक काठावर असा उभा राहून बापाकडं बघत होता. सगळेच आबांकडं बघत होते.

आबांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी फक्त थोरलीचे ओठ पाहिले होते. चार, असं ते ओठ म्हणत होते. त्यांनी खाली पायाशी पडलेल्या पाच खड्यांकडं पाहिलं. कोणता खडा शिळेचा आणि कोणता बाराचा, हे तळपायाला कळत नाही. धाकट्याचा काठावर उरलेला पाय त्यांना दिसत होता, त्याची करंगळी, लहानपणी कुऱ्हाडीनं तुटलेली.

"मला ऐकू येत नाही," आबा म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झाला ते समजत नाही, त्यामुळं ते पार हंडे घेऊन बसलेल्या बायकांपर्यंत गेलं. "सहा वर्षं झाली. मी पायानं मोजतो. पाय काढ, धाकट्या."

धाकट्यानं पाय काढला. मग तो काठापासून दहा पावलं मागं जाऊन खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

त्या दिवशी पुढं कुणी विहिरीकडं फिरकलं नाही. थोरलीच्या सांगण्यावरून रांगेतल्या बायकांनी आपापल्या हंड्यांतलं पाणी विहिरीत ओतलं. दोन तास उभं राहून मिळवलेलं पाणी परत ओतताना एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनंही ओतलं. सकाळपर्यंत दारू भिजायला हवी होती.

सकाळी उतरणार कोण, हा प्रश्न मुकादमानं उगाच उभा केला. थोरली दोर बांधून तयार होती. बाईमाणूस विहिरीत उतरत नसतं, आपल्या धंद्यात ते चालत नाही, असं तो म्हणाला. मग थोडा विचार करून, उपकार केल्यासारखं, त्यानं तोडही सुचवली. "उतरायचंच असेल तर पोरगा म्हणून उतर. माझी ना नाही."

"खाली बार आहे ना," थोरली म्हणाली, "त्याला विचारून येते, बाई चालेल का."

यारीवरचा हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला. तेवढ्यात आबा उठले, त्याला बाजूला सारून त्यांनी यारीचा दांडा धरला. म्हातारे हात, पण दोर सोडायचा कसा हे त्यांना कुणी शिकवायचं नव्हतं. "चल, ये पोरी," ते म्हणाले. बारा दिवसांची कसरत तिथं संपली. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. तिच्या आलं. तिनं मान खाली घालून बादलीत पाय टाकला.

ती खाली पाऊण तास होती. तिनं तिथं काय आणि कसं केलं ते सांगत बसण्यात अर्थ नाही, ते काम ज्याचं त्यालाच ठाऊक. वरून नुसती तिची पाठ दिसत होती आणि केस मागं बांधलेली पांढरी चिंधी. आबांनी पाऊण तास दांड्यावरचे हात हलवले नाहीत. दोराला तीन हिसके बसले तेव्हा त्यांनी ओढायला सुरुवात केली. ती वर आली ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आणि हातात भिजलेल्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी धरून. आबांचा जीव भांड्यात पडला. तिनं पाणी मागितलं. काल ज्याला तिच्या बोटांचं वावडं होतं त्यानंच पेला तिच्या हातात दिला.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नये. मुकादमानं आबांना बाभळीखाली बोलावलं आणि आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की उद्यापासून बार तो स्वतः मोजेल, आबांनी हत्यारांवर लक्ष ठेवावं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण लहान पोराशी बोलावं तसं तो बोलला आणि बोलताना त्यानं आबांच्या खांद्यावर थोपटलं. तीस वर्षांत आबांना असं कुणी थोपटलं नव्हतं. तेव्हापासून ते पहारी आणि घमेल्यांच्या सोबतीला बसू लागले. बार उडत तेव्हा ते डोळे मिटून घेत.

सुनावणीच्या दिवशी थोरली पहाटे निघाली तर आबा धुतलेला सदरा घालून ओसरीवर तयार. आईनं विचारलं, सही केलीत का. आबांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा हा एक फायदा त्यांना आता उघडपणे घेता येत होता.

कचेरीत लांब टेबलामागं तीन साहेब होते. मधले वयस्कर, डावीकडं डॉक्टर, उजवीकडचा तरुण, सगळं लिहून घेणारा. वर पंखा फिरत होता आणि प्रत्येक कागदावर काही ना काही ठेवलेलं होतं. कुणी उद्धट बोललं नाही. थोरलीच्या कामाची फाईल जाड होती आणि ती त्यांनी वाचली होती, हे त्यांच्या बोलण्यावरून दिसत होतं. मधल्या साहेबांनी विचारलं, पुन्हा तेच काम करशील का. तिनं हो म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं, लिहून द्यायला एवढी अडचण काय आहे. ती म्हणाली, लिहून दिलं तर ते खोटं असेल.

मग साहेब आबांकडं वळले आणि फॉर्मबद्दल काही बोलले. आबांनी खुर्ची सरकवून उजवा कान पुढं केला. "जरा मोठ्यानं बोला साहेब. मला ऐकू येत नाही."

"फॉर्म आणलाय का?"

आबांनी खिशातलं पाकीट टेबलावर ठेवलं. घामानं ते मऊ पडलं होतं. फॉर्मवर सही नव्हती. साहेबांनी कारण विचारलं.

आबा घराबाहेर फारसे बोलत नसत आणि साहेबांसमोर तर कधीच बोलले नव्हते. त्यांनी आधी घसा साफ केला. "मी विहिरीवर बार मोजतो. सहा वर्षं ऐकू येत नव्हतं, तरी येतं म्हणून सांगितलं. काम जाईल म्हणून. सगळ्यांनी मला मान दिला. परवा माझाच पोरगा माझ्या मोजणीवर मेला असता." त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. "मी खोटं बोललो तर मला कामावर ठेवलं. हिनं खरं सांगितलं तर तुम्ही घरी बसवलं. आता मी पुन्हा खोट्यावर सही करू का?"

लिहून घेणाऱ्या तरुणाचा हात थांबला होता. मधल्या साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा तो पुन्हा लिहू लागला. साहेब म्हणाले, बाबा, तुमची गोष्ट वेगळी आहे. आबा म्हणाले, असेल. मग दोघं बाहेर आले. गाडीला दीड तास होता. थोरली आबांच्या उजव्या बाजूला बसली. तिनं विकत आणलेले शेंगदाणे आबांनी सोलून अर्धे तिच्या ओंजळीत घातले.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. पोस्टमननं ते विहिरीवरच आणून दिलं, कारण थोरली आता रोज दगड वाहायला तिथं येत होती. दारू भरून होत आली होती. तिनं उभ्याउभ्या पत्र वाचलं, घडी घातली आणि आबांशेजारी हत्यारांपाशी येऊन बसली. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं. उजव्या कानाशी वाचायचं म्हणजे सगळ्या विहिरीनं ऐकायचं, पण तिनं वाचलं.

तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, असं पत्रात होतं. उलट तुमच्या सेवेची नोंद घेतली आहे. मात्र अशी व्यक्ती तुकडीत राहिल्यानं सोबतच्या जवानांचा विश्वास डळमळेल आणि ज्या कामात एकाचा जीव दुसऱ्याच्या हाती असतो तिथं हे परवडणार नाही. म्हणून सेवा संपवण्यात येत आहे. साठ दिवसांत वर दाद मागता येईल.

"मधलं पुन्हा वाच," आबा म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं. सोबतच्या जवानांचा विश्वास. यारीवरचे दोघं दोरखंड तपासल्यासारखं करत होते. दाद मागणार का, असं आबांनी विचारलं. ती म्हणाली, मागणार. साठ दिवस आहेत, तिथं नाही झालं तर त्याच्याही वरती जाणार.

"जा," आबा म्हणाले आणि उठले.

ते मुकादमाकडं गेले. आज सहा भोकं होती, सहा खडे त्याच्या हातात होते. आबांनी तळहात पुढं केला. "खडे द्या."

मुकादमाला वाईट वाटलं. तो त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आबा, आपलं ठरलंय ना?"

"मला नकोत. हिला द्या."

मुकादमानं थोरलीकडं पाहिलं, मग यारीवरच्यांकडं. तो काही बोलणार होता. तेवढ्यात धाकटा वाती पेटवून वर आला, दोर कमरेलाच होता. त्यानं तोंडावरची धूळ मनगटानं पुसली. "द्या तिला," तो म्हणाला. "उतरायचं मला आहे."

वाती जळत होत्या, वाद घालायला वेळ नव्हता. मुकादमानं खडे दिले. थोरली आबांच्या दगडावर जाऊन उभी राहिली आणि तिनं चपला काढून ठेवल्या. तिला त्याची गरज नव्हती. बाकीचे लांब जाऊन पालथे पडले. आबा मात्र तिच्या बाजूला उभे राहिले, तिची मूठ दिसेल असे.

जमीन हादरली. बोटं उघडली, एक खडा पडला. पुन्हा हादरली, दुसरा पडला. तिसरा आणि चौथा लागोपाठ गेले. मग तळपायांखाली मोठा हादरा आला, आबांच्या सगळ्या अंगानं सांगितलं की हा पाचवा, आणि तिची मूठ उघडली नाही. आबांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती विहिरीकडं कान देऊन उभी होती, डोळे अर्धे मिटलेले. ते थांबले. कितीतरी वेळानं जमीन पुन्हा हादरली आणि खडा पडला. मग शेवटचा. तिनं रिकामा तळहात त्यांच्यापुढं धरला.

धूर निवला. मग धाकटा उठला, कमरेची गाठ त्यानं आवळली आणि कुणालाही काही न विचारता बादलीत पाय टाकला. आबांनी यारीवरच्यांकडं बघून हात वर केला.

"सोडा," ते म्हणाले.